दहा मोजून चालू करा

३ एप्रिल २०२५, गुरुवार

दूध नासलं कारण टाकी नीट धुतली नव्हती — असं लिहून दिलं आज. सही केली, डेअरीला पाठवून दिलं, विषय संपला!

कोल्हारच्या अलीकडे ते दूध संकलन केंद्र आहे. तिथल्या कूलरला, म्हणजे दूध गार ठेवणाऱ्या टाकीला, आमच्या वर्कशॉपचा कंट्रोलर. मंगळवारी पहाटे टँकरवाल्याने दूध घ्यायला नकार दिला, अख्खी टाकी आंबट. काल मालकांनी, भाईंनी, मला पाठवलं — 'निकिता, बघून ये, आपल्या मशीनवर यायला नको.' आलंच नाही. मशीन झकास चालू होतं. लॉग, म्हणजे तापमानाची नोंद, काढला, रात्रभराची सरासरी चार पूर्णांक एक डिग्री. चार डिग्रीला दूध नासत नाही. मग राहिलं काय? टाकी!

केंद्र सांभाळणाऱ्या छबूबाई शेजारीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. पदर खोचलेला, हातात घासणी. एवढंच म्हणाल्या, 'म्याडम, टाकी मी रोज धुती. सोड्याच्या गरम पान्यानं.' मी हो हो म्हटलं. त्यांनी तांब्याभर ताक दिलं, ते प्यायले आणि एसटी पकडून परत आले.

रिपोर्ट इंग्रजीत आहे. त्यांना वाचता येत नाही ते एक बरंय.

बरंय म्हणजे काय बरंय? उगाच काहीतरी डोक्यात येतं.

५ एप्रिल, शनिवार

भाईंनी शीरखुर्मा आणला, ईदला आम्हाला सुट्टी होती म्हणून आज खास पुन्हा करून. वर्कशॉपमधल्या अंगदने तीन वाट्या हाणल्या आणि दुपारभर सोल्डरिंग गनसमोर पेंगत बसला.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा नासलं!

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. 'म्याडम, मी छबू बोलती, कोल्हारच्या डेरीवरची.' आवाज शांत, पण मधेच तुटत होता. काल संध्याकाळचं दूध आज पहाटे आंबट. दुसऱ्यांदा! चेअरमन आबासाहेब म्हणे सगळ्यांसमोर बोलले — 'बाईला टाकी धुता येत नाही तर घरी बसावं.' शनिवारी, १९ तारखेला संचालकांची सभा. तिथे त्यांना काढून आबासाहेबांच्या पुतण्याला, पुंजारामला, केंद्र द्यायचं चाललंय. नवरा गेल्यापासून बारा वर्षं केंद्र त्या बघतात.

मी म्हटलं, आमच्याकडून कुणालातरी पाठवते. तर म्हणाल्या, 'कुनी नको. तुमीच या.'

बिचारीला माहीतच नाही आपण कुणाला बोलावतोय. जेवण गेलं नाही आज.

८ एप्रिल, मंगळवार

जाऊन आले. अकराची एसटी, राहुरीपर्यंत उभी.

मशीन पुन्हा झकास! डोक्याला ताप नुसता. टँकर गेला की त्या मशीन बंद करतात, तासभर टाकी घासतात, मग चालू करतात. म्हणजे कोणीही बघायला येईपर्यंत सगळं ठाकठीक असतं.

मी आज आधी टाकी पाहिली. खरं तर गेल्या वेळीच पाहायला हवी होती. आत वाकून, मोबाईलचा टॉर्च लावून, ढवळायच्या पात्यांच्या खाली बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं, स्वच्छ. आमच्या घरातला कुकर एवढा स्वच्छ नसेल. मला लाजच वाटली.

मग त्यांना विचारलं, काय झालं ते पहिल्यापासून सांगा. घासणी खाली ठेवून सांगायला लागल्या, तसंच्या तसं लिहून ठेवते —

'परवा सांच्याला दूध यायच्या आधी लाईटनं झपकी मारली. अशी गेली न् अशी आली. मशीनीचा तो डबा परत चालू झाला, पाटीवर चार लिवलेलं. पन घरघर न्हाई. म्या कान लावला. न्हाईच. मग सकाळच्या दुधावर सांचं दूध पडलं, हात लावला तर कोमट. सुपरवायजरला फोन केला. त्यो म्हनला, पाटीवर काय हाय? म्हनलं चार. तर म्हनला, मग झोपा.'

मी विचारलं, पहिल्या वेळीही लाईट गेली होती?

'व्हय. तवाबी. तुमी इचारलं कुठं?'

नाही विचारलं! सरासरी बघितली आणि शहाणी झाले.

त्यांनी पुन्हा ताक दिलं. मला ते प्यायचा हक्क नव्हता, पण प्यायले. १९ तारखेच्या आत याचा छडा लावणार. लावणारच!

९ एप्रिल, बुधवार

लॉग एक-एक ओळ वाचला. सरासरी नाही, ओळ.

रविवारी संध्याकाळी सहा सतराला मशीन नव्याने चालू झालंय. तिथपासून पहाटे पाचपर्यंत — ४.१, ४.१, ४.१. एकदाही ४.२ नाही, एकदाही ४.० नाही. साडेसहा ते साडेसात या तासात गाई-म्हशींचं ताजं धारोष्ण दूध टाकीत ओतलं जात होतं, आणि आकडा जागचा हलला नाही! पहिल्या वेळचा लॉगही असाच. हे मी बघितलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं आणि 'उत्तम' म्हटलं होतं.

आकडा मेलेला होता. छबूबाईंचा हात खरा होता.

भाईंना दाखवलं. ते बराच वेळ चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, 'इथे करून दाखव बिघाड. मग बोलू.'

१० एप्रिल, गुरुवार

दिवसभरात तीस वेळा कंट्रोलरचा बोर्ड बंद-चालू. तिसाव्या वेळीही मजेत चालू. शून्य बिघाड.

११ एप्रिल, शुक्रवार

आणखी चाळीस वेळा. अंगद म्हणतो, 'ताई, सोडा, ती बाई काहीतरी विसरली असेल.' त्याला म्हटलं, तू शीरखुर्मा खा.

१२ एप्रिल, शनिवार

सापडला! सापडला! सापडला!

आणि सापडला माझ्या तापट डोक्यामुळे. आई ऐकेल तर खूश होईल.

आमच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर लाल रंगात लिहिलंय — 'बंद केल्यावर दहा मोजून चालू करा.' भाई नागापूरला आले तेव्हा स्टॅबिलायझर दुरुस्त करायचे, तेव्हापासूनचा नियम. आत वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असतो, तो रिकामा होऊ द्या, नाहीतर झटका बसेल. इथे पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला भाई हेच शिकवतात. मलाही शिकवलं. आता हात आपोआप थांबतो, ओठ आपोआप हलतात. एक, दोन, तीन... सत्तर वेळा मी दहा मोजले.

आज दुपारी एकाहत्तराव्या वेळी डोकंच फिरलं. बटण दाबलं, 'मर एकदाची!' म्हटलं आणि लगेच परत दाबलं. भाई पलीकडून ओरडले, 'दहा!' मी म्हटलं, राहू द्या तुमचे दहा! आणि मग ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. स्क्रीनवर 'कूलिंग चालू', आकडा तिथेच, आणि टेबलावरचा कॉम्प्रेसर गप्प.

गावातली लाईट दहा मोजून येते होय? ती दोन सेकंदांत येते!

पुन्हा केलं. दोन सेकंद — बिघडलं. अर्धा सेकंद — काही नाही. पाच सेकंद — काही नाही. दोन ते चार सेकंद, दर वेळी बिघाड. अंगदने हात जोडले. भाई भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बघत राहिले.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. बोर्ड घरी आणलाय. खाली चौकात गाणी लागलीत, वर मी कोड वाचतेय.

चूक माझी आहे. मशीनची नाही, कंपनीची नाही, अंगदच्या सोल्डरिंगची नाही. ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारा प्रोग्राम, मी लिहिलाय, ओळ माझी आहे.

अंगदला फोनवर समजावलं ते इथेही लिहिते. मशीनमध्ये दोन भाग. एक डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटर. दुसरं कार्ड, जे कॉम्प्रेसर चालवतं आणि तापमान सांगतं. डब्यात कर्नेल असतो, सगळ्यांचा मुकादम. कोण झोपलंय, कोण जागं आहे याची वही त्याच्याकडे. डबा सुरू झाला की मुकादम वहीत सगळ्यांच्या नावापुढे 'झोपलेला' लिहितो. न बघता! तशी पद्धतच आहे. एखादा आधीपासून जागा असेल तर ते सांगायचं काम ड्रायव्हरचं. माझं. आणि ते सांगायचं वही उघडण्याआधी, नंतर नाही.

मी सांगितलंच नाही. कारण वर्कशॉपमध्ये दहा मोजल्यावर कार्ड नेहमी झोपलेलंच मिळायचं.

लाईट दोन सेकंद गेली की डबा बंद पडतो, पण कार्ड स्वतःच्या कपॅसिटरवर जागंच राहतं. डबा उठतो. मुकादम म्हणतो, कार्ड झोपलंय, उठवा. उठवायचं बटण एकच — झोपलेल्याला दाबलं तर उठतं, जाग्याला दाबलं तर झोपतं. झालं! जागं कार्ड झोपलं आणि वहीत लिहिलं गेलं 'जागं'. झोपलेल्या कार्डाला तापमान विचारलं की ते शेवटचं आठवलेलं सांगतं. चार पूर्णांक एक. रात्रभर.

दुरुस्ती किती? अकरा ओळी. सुरुवातीलाच कार्डाला विचार, तू जागं आहेस का? असेल तर आधी मुकादमाला तसं सांग, मग वही उघड. बटणाला हात लावू नकोस.

दुरुस्तीसोबत टिपण लिहायचं असतं — काय बिघडलं, का बिघडलं, कोणी कळवलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: छबूबाई, दूध संकलन केंद्र. सहसा तिथे इंजिनिअरांची नावं असतात.

दोनशे वेळा दोन सेकंदांचा झटका दिला. दोनशेही वेळा कार्ड जागं.

१५ एप्रिल, मंगळवार

भाईंशी भांडण. मोठ्ठं.

त्यांना अकरा ओळी दाखवल्या, झटके देऊन दाखवले. खूश झाले, पाठ थोपटली. मग म्हणाले, 'छान. २१ ला जा, सर्व्हिसिंगच्या नावाखाली टाकून ये. कुणाला काही बोलू नकोस.'

म्हटलं, १९ ला सभा आहे, बाईंना काढतायत! तर म्हणाले, 'बेटा, त्याच डेअरीची चाळीस मशीनची ऑर्डर यायचीय. मशीन खोटं बोललं असं आपणच सांगायचं? वर्कशॉपमध्ये नऊ माणसं आहेत.'

मी म्हटलं, आणि तिकडे एक बाई आहे! टाकी धुत नाही म्हणून गावभर नाव झालंय तिचं. मी लिहिल्यामुळे!

ते म्हणाले, 'मशीन सुधारलं की दूध नासायचं थांबेल. लोक विसरतील.'

टेबलावर पक्कड आपटून निघून आले. पक्कड माझीच होती, तिची मूठ तुटली.

१६ एप्रिल, बुधवार

आंघोळ करताना लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. १९ ला छबूबाई जाणार, २० ला पुंजाराम येणार, २१ ला मी गुपचूप दुरुस्ती टाकणार — आणि त्यानंतर दूध कधीच नासणार नाही! लोक विसरणार नाहीत. लोक म्हणतील, बघा, बाई गेली आणि टाकी सुधारली. माझ्या अकरा ओळी त्यांच्याविरुद्ध साक्ष देतील, आयुष्यभर.

नाही. दुरुस्ती सभेनंतर. सभेत बिघाड दाखवायचा.

१७ एप्रिल, गुरुवार

भाईंना आंघोळीतलं सांगितलं. ऐकून घेतलं. मी म्हटलं, शनिवारी मी जाणार आहे. रजा टाकते. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण सोमवारी काढा. अंगद टेबलाखाली काहीतरी शोधत बसला होता, शेवटपर्यंत वर आला नाही.

छबूबाईंना फोन केला. सभेआधी टाकीत निम्मं पाणी भरून गार करायला लावा आणि एक हंडा कडक पाणी तापवून ठेवा म्हटलं. का, कशाला, काही विचारलं नाही. 'ठिवते' म्हणाल्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

उद्या सभा. जाणार.

१९ एप्रिल, शनिवार

आज सगळं क्रमाने लिहिते.

केंद्राच्या ओट्यावर सतरंजी. सात संचालक, मध्ये आबासाहेब, कडेला पुंजाराम इस्त्रीचा शर्ट घालून. छबूबाई टाकीजवळ उभ्या, शेजारी त्यांची सून रेश्मा. मी गेले तर आबासाहेब म्हणाले, 'तुमचा रिपोर्ट आहे की आमच्याकडे. आणखी काय?'

म्हटलं, पाच मिनिटं द्या. मशीन बघा.

पाणी नऊ पूर्णांक तीनवर आलं होतं, कॉम्प्रेसर घरघरत होता. सगळ्यांना म्हटलं, आवाज ऐका. मग मेन स्विच खाली केला. ओठांवर आपोआप 'एक' आलं. 'दोन' झालं आणि वर केला.

डबा चालू झाला. 'कूलिंग चालू'. ९.३. आणि घरघर बंद.

एक संचालक म्हणाले, 'वेळ लागत असेल.' थांबलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग छबूबाईंना खूण केली. त्यांनी दोन्ही हातांनी हंडा उचलला आणि वाफाळतं पाणी टाकीत ओतलं. पाटीवर ९.३. म्हटलं, आता हात घालून बघा. आबासाहेबांनी बाही सरसावली, हात घातला आणि पाटीकडे बघतच राहिले. मग एकेक करून सगळ्यांनी हात घातला. पुंजारामनेही.

आबासाहेब मशीनवर खेकसले, 'मग हे खोटं बोलतंय की!' मग माझ्यावर, 'आणि टाकी धुतली न्हाई म्हणून कागद कुणी लिहिला?'

मागून आवाज आला, 'आमच्या वर्कशॉपने लिहिला.' भाई! नागापूरहून टेम्पो घेऊन आले होते, मला कळलंही नाही कधी ते. म्हणाले, 'बंद केल्यावर दहा मोजायची सवय मी लावली, म्हणून चूक आम्हाला दिसली नाही. दोष आमचा.'

मला ते सोयीचं होतं. वर्कशॉप म्हटलं की कोणीच नाही. पण मी म्हटलं, वर्कशॉपने नाही, मी. कोड मी लिहिला, कागदही मी लिहिला, टाकी न बघता लिहिला. खाली सही माझी आहे.

छबूबाईंकडे बघायचा धीर होत नव्हता, तरी बघितलं. त्या फडक्याने टाकीचं झाकण पुसत होत्या. मान वर केली नाही. रेश्मा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

सभेचा निकाल — केंद्र छबूबाईंकडेच. आबासाहेबांनी तो कागद फाडला, पण त्यांची माफी काही मागितली नाही. चाळीस मशीनचं 'नंतर बघू' म्हणाले.

येताना टेम्पोत राहुरीजवळ भाई म्हणाले, 'पक्कड नवी घेऊन देतो.' मला रडू आलं. छबूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

२१ एप्रिल, सोमवार

केंद्रावर नवा ड्रायव्हर टाकला. दोन सेकंदांचे वीस झटके दिले, वीसही वेळा घरघर परत आली. छबूबाई प्रत्येक वेळी कान लावून बघत होत्या. मग नेहमीसारखं ताक आणून दिलं.

मी म्हटलं, 'तो कागद माझा होता हे तुम्हाला परवा सगळ्यांसमोर कळलं. मी आधीच सांगायला हवं होतं.'

त्या घासणी पिळत होत्या. 'परवा कुठं? कागद आला त्याच दिशी. रेश्मानं वाचून दाखिवला. खाली तुमचंच नाव.'

'मग फोन मलाच का केलात?'

'आता गं पोरी! तू लिवलेलं दुसऱ्या कुनी येऊन खोडलं असतं का?'